आधी वरचं, मग खालचं

माझी झडती एकूण ३२ वेळा झाली. रोखपालाला मोजायची सवय असते, ती जेलमध्येही सुटली नाही. कोर्टाच्या तारखेला प्रत्यक्ष नेलं ११ वेळा. जाताना एक, परत येताना एक, अशा २२. सरकारी दवाखान्यात एकदा नेलं, त्या दोन. आत घेताना एक, सोडताना एक. बराकीत अचानक झालेल्या सहा. उरलेल्या तारखा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाल्या. व्हीसीला पडद्यासमोर उभं राहायचं, नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं, संपलं. आतल्या लोकांना व्हीसी आवडत नाही, कारण तारखेला गेलं की कोर्टाच्या आवारात घरची माणसं दिसतात. मला आवडायची. कपडे काढावे लागत नसत.

मी एका पतसंस्थेत होतो. संस्था बुडाली, संचालकांबरोबर फिर्यादीत माझंही नाव आलं. कलम ४०९ (विश्वासघात), ४२० (फसवणूक) आणि ठेवीदारांसाठीचा १९९९ चा एमपीआयडी कायदा. खटला अजून चालू आहे, तेव्हा त्याबद्दल इथं अवाक्षर काढत नाही. जेलचं नावही लिहीत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत आत गेलो, सप्टेंबरात जामिनावर सुटलो. सात महिने अकरा दिवस.

पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी मिळाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. वकील म्हणाले, “आता पोलीस हात लावणार नाहीत.” ते खरं निघालं. हात लावणारे वेगळे होते.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला गाडी दारात लागली. मोठ्या दाराच्या पोटात छोटा दिंडी दरवाजा असतो. आत जायचं तर वाकावंच लागतं, आणि बेडी दुसऱ्याच्या हाताशी जोडलेली असली तर दोघांनी एकदम वाकायचं असतं. माझ्या जोडीचा मुलगा वीस-एकवीसचा असेल. मोटारसायकल चोरीचा संशय. गाडीत पाऊण तास शेजारी बसून तो एक शब्द बोलला नव्हता. उतरताना त्यानं पाऊल आधी कडेवर टेकवलं, मग हळूहळू पूर्ण. मला वाटलं, मुंग्या आल्या असतील.

दोन दारांच्या मधल्या बोळात टेबल, त्यावर लांबलचक वही. नाव, वडिलांचं नाव, गाव, कलम. ओळखीच्या खुणा कोणत्या? मी म्हणालो, उजव्या भुवईवर तीळ. घड्याळ, ३४० रुपये आणि अंगठी जमा. अंगठी निघेना, तेव्हा साबणाचा तुकडा आणून दिला. हे सगळं नीट, पद्धतशीर झालं. पावतीवर सही घेतली. मी मनात म्हटलं, कारभार बरा दिसतोय.

मग शेजारच्या खोलीत नेलं. आम्ही नऊ जण. एक शिपाई स्टुलावर, एक उभा.

“कपडे काढा. सगळे. चड्डीपण.”

नऊजण एकदम उघडे झालो. त्या पहिल्या मिनिटात कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे भिंतीवरच्या एकाच डागाकडे बघतात. माझ्या कंबरेला काळा करदोटा होता. शिपायानं तो बोटानं उचलला. त्याच्याही कंबरेला असणार, पण नियम नियम. आत दोरा चालत नाही, कुणी गळ्याला लावला तर यांची नोकरी जाते. कात्रीनं कापला आणि टोपलीत टाकला. आई म्हणायची, पुरुषानं कंबर मोकळी ठेवू नये. पन्नाशी उलटलेला माणूस मी, पण अंगावर एकही कपडा नसताना तो दोरा गेल्यावर जे वाटलं, ते कपडे काढताना वाटलं नव्हतं.

त्याखाली हर्नियाचा पट्टा होता. आमच्याकडे जुनी माणसं अंतर्गळ म्हणतात. डाव्या जांघेत आतडं उतरतं, पट्टा बांधला की दबून राहतं. पट्ट्याला लोखंडी बक्कल. “हा काढा.” काढला. “दोन उठाबशा मारा. खोका.” अंगात काही दडवलं असेल तर उठाबशा काढून खोकल्यावर खाली पडतं, असा त्यामागचा हिशेब. मी शेवटची उठाबशी चौथीत काढली होती. बसलो, खोकलो आणि पट्टा नसल्यामुळे आतडं खाली आलं. जांघेत मुठीएवढा गोळा.

“हे काय लपवलंय रे?”

शिपायाला खरंच तसं वाटलं असावं. तो बिचारा दिवसाला साठ-सत्तर लोकांना असं बघतो. पण त्यानं बोटानं दाबून पाहिलं आणि खोलीतले सहा-सात जण हसले. नागडी माणसं नागड्या माणसाला हसली. मी गोळा हातानं आत ढकलत भिंतीला टेकलो, तेव्हा माझा दंड कुणीतरी धरला. तो माझ्या जोडीचा मुलगा होता. तो हसला नव्हता.

आणि मग त्याची पाळी आली. तो पाठमोरा झाला तेव्हा मी पाहिलं. पाठीवर, कुल्ल्यांवर आडवे वळ, काही जांभळे, काही काळपट. उठाबशीला खाली बसला तो उठेना. तळवे निळे पडले होते. शिपायानं तळवे उचलून पाहिले. बोटांच्या मधे काही चिकटवलंय का, ते बघायला. केसांत बोटं फिरवली, तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली. मग म्हणाला, “चल, पुढं.”

विडी, पुडी, ब्लेड, नोटा, सिमकार्ड, काही म्हणता काही सापडलं नाही. पोरगा स्वच्छ निघाला.

पुढची पायरी म्हणजे दवाखाना. एका खोलीत डॉक्टर, शेजारी कंपाउंडर वहीत लिहितोय, आणि दारात आम्हाला घेऊन आलेले पोलीस. त्यांना आमची पोच हवी होती, ती मिळेपर्यंत ते जाऊ शकत नव्हते. कंपाउंडर प्रत्येकाला एका दमात विचारत होता, “आजार, औषध, मार?” मुलानं दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, “काही नाही.” पुढं.

माझी पाळी आली तेव्हा मी पाच मिनिटं बोललो. पट्ट्याशिवाय मला कसं चालत नाही, ऑपरेशन कधी सांगितलंय, बक्कल काढून नाडी लावली तरी चालेल. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं ऐकून घेतलं, चिठ्ठी लिहिली, पट्टा दुसऱ्या दिवशी मिळाला. या पाच मिनिटांत मी एक वाक्य जास्त बोलू शकलो असतो. “साहेब, त्या पोराचा शर्ट वर करून बघा.” नाही बोललो. भीती होती, हे खरं. पण त्याहून खरं हे की मला माझा पट्टा हवा होता आणि डॉक्टरची मर्जी मला दुसऱ्या कशावर खर्च करायची नव्हती.

आमद बराकीत, म्हणजे नव्यानं आलेल्यांच्या बराकीत, रात्री एका जुन्या शिक्षाबंद्याला मी हळूच हे सांगितलं. तो पाय चेपत बसला होता. म्हणाला, “काका, वळ आठ दिवस टिकतो. तारीख चौदा दिवसांनी येते.” आणि कूस बदलून झोपला.

तसंच झालं. मुलाची तारीख वेगळ्या कोर्टात होती. जाईपर्यंत वळ पिवळट झाले होते. तीन आठवड्यांत त्याला जामीन मिळाला, त्यानंतर तो मला कधी दिसला नाही.

आता तारखेच्या झडत्यांबद्दल. सकाळी जाताना घाई असते, हात फिरवतात, खिसे उलटे करतात, चपला आपटून बघतात. खरी झडती परतताना. पाच-सहा गाड्या एकदम येतात, साठ-सत्तर माणसं, बराकी बंद व्हायची वेळ टळलेली, दोन शिपाई. कोर्टात बाहेरच्यांशी गाठ पडलेली असते, त्यामुळे माल येतो तो याच वेळेला. हवाई चपलेचा तळ चिरून आत तंबाखू भरलेली मी पाहिली आहे. अंगठ्याएवढा मोबाईल असतो, तो लोक कुठं लपवून आणतात हे शिपायांना माहीत, आम्हालाही माहीत. एकाला संशयावरून दवाखान्यात नेऊन फोटो काढला तेव्हा तो खरंच पोटात दिसला.

म्हणून सगळ्यांनाच उघडं करतात. साठ जणांत दोघांकडं काही असणार आणि ते दोघे कोण हे कळत नाही, तर अठ्ठावन्न जणांनी दोघांचं भरायचं. बँकेत नोटा मोजताना एक खोटी असेल म्हणून सगळं बंडल मोजतात, तसं. मला हे पटायचं. फक्त बंडलातल्या नोटेला लाज नसते.

एक म्हातारे हवालदार होते, निवृत्तीला आलेले. त्यांची ड्युटी असली की रांगेत कुजबुज व्हायची, “आज म्हातारा आहे, बरंय.” त्यांची पद्धत वेगळी. “आधी वरचं काढा. द्या इकडं. हात वर. हं, घाला. आता खालचं.” म्हणजे माणूस एका वेळी अर्धाच उघडा. शर्ट अंगात असला की खालचं काढताना तो पुढं ओढून धरता येतो, एवढंच. वेळ किती जास्त लागतो? मी मोजलाय. माणशी वीस सेकंद. साठ माणसांना वीस मिनिटं. ती वीस मिनिटं म्हातारे कुठून आणायचे देव जाणे, पण त्यांच्या ड्युटीला माल कमी सापडतो असं कुणी म्हणत नसे. उलट एकदा त्यांनी एका माणसाच्या शर्टाच्या कॉलरीतून अर्धं ब्लेड काढलं, कारण शर्ट हातात घेऊन बघायला त्यांना सवड होती. इतरांच्या ड्युटीला कपड्यांचा नुसता ढीग पडायचा.

झडतीच्या खोलीत कोपऱ्यात वर कॅमेरा होता. शिपायांनी कुणाला मारू नये, कुणाकडून पैसे घेऊ नयेत म्हणून तो असावा, चांगलीच गोष्ट. पण त्याचा पडदा ऑफिसात, आणि ऑफिसात चहा घेऊन जाणारे, झाडू मारणारे आमच्यातलेच बंदी. दुसऱ्या दिवशी बराकीत कुणीतरी कुणाला म्हणायचं, “काल बघितला तुला पिक्चरमध्ये.” म्हातारे हवालदार माणसाला कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, भिंतीला लागून उभं करायचे. “इथं त्याला दिसत नाही,” म्हणायचे. मी त्यांना मनातल्या मनात दुवा द्यायचो. पुढं जूनमध्ये एका तरुण शिपायानं एकाला ‘इकडं ये’ म्हणून नेमकं त्याच जागी उभं केलं आणि तीन कानफटात मारल्या. त्याच जागी, त्याच कारणासाठी. तिथं त्याला दिसत नाही. त्या दिवसापासून मला त्या कोपऱ्याबद्दल काय वाटायला हवं, हे ठरवता आलेलं नाही.

बराकीची झडती वेगळी. ती पहाटे येते. शिट्टी, सगळे बाहेर अंगणात उकिडवे, आणि आत आमच्या पिशव्या उलट्या. ५० जणांच्या बराकीत आम्ही १३० होतो, तेव्हा एकशेतीस संसार एका ढिगात. साबणाच्या वड्या मधून कापलेल्या. माझ्या पोथीचा कणा उसवला होता. हिनं लिहिलेली पत्रं वाचून कुणीतरी परत घडी घातली होती, पण घडी चुकीची. मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

तरी सांगतो, तिसरी झडती मी मनापासून मागितली होती. त्याआधी पंधरा दिवस बराकीत नळावरच्या भांडणात एकाच्या गालावर ब्लेडनं वार झाला होता, कानापासून हनुवटीपर्यंत. ज्यानं केला त्याला दुसऱ्या सर्कलला हलवलं, पण ब्लेड सापडलं नव्हतं. ते आमच्यातच होतं. रात्री मी तोंडावर चादर घेऊन झोपायचो. गांजा भरलेले चेंडू भिंतीवरून येतात, त्यावर कुणाची तरी मालकी असते, त्यातून मारामाऱ्या होतात, आणि मार खातात माझ्यासारखे, ज्यांचं त्यात काही नसतं. ज्या पहाटे शिट्टी वाजली आणि संडासाच्या खिडकीच्या फटीतून ते ब्लेडचं पान निघालं, त्या रात्री मला पाच महिन्यांतली सगळ्यात गाढ झोप लागली. अंगणात उकिडवं बसून हर्निया दुखत होता, तरी.

सुटलो त्या दिवशीही झडती झाली. आतलं काही बाहेर नेत नाही ना, हे बघायला. घड्याळ मिळालं, अंगठी मिळाली, ३४० रुपये मिळाले. हिशेब चोख. करदोट्याची नोंद नव्हती.

बाहेर आल्यावर सहा महिने घरातच होतो, मग करोना आला, सगळेच घरात बसले. वकिलांनी कारागृह अधिनियमाची प्रत दिली होती, ती वाचत बसायचो. १८९४ चा कायदा, इंग्रजांचा. त्यात कलम २४ आहे. कैदी आत आला की त्याची झडती घ्यावी, निषिद्ध वस्तू काढून घ्याव्यात. आणि त्याच कलमात, लगेच खाली, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हुकमाखाली त्याची तपासणी व्हावी आणि अंगावरच्या जखमा, खुणा वहीत लिहाव्यात. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबानं दोन्ही गोष्टी एका दमात लिहिल्या होत्या. कपडे काढायला लावलेच आहेत, तर दोन्ही बघून घ्या. आमच्या खोलीत पहिलं झालं, दुसऱ्याच्या वेळी अंगावर कपडे होते.

एका संध्याकाळी हिला कलम ४१ वाचून दाखवत होतो. मुलाकातीला येणाऱ्या माणसाचा संशय आला तर झडती घेता येते, पण भेटायला आलेल्या दुसऱ्या माणसासमोर किंवा कैद्यासमोर ती घ्यायची नाही. ही भाजी निवडत होती. हात थांबले.

“समोर नाही घ्यायची?”

“असं लिहिलंय.”

“अहो, मला रांगेतच विचारलं होतं बाईनं. पाळी आहे म्हटलं तर म्हणाली, दाखव. मागं तुमच्या वयाचे तीन बाप्ये उभे.”

मग म्हणाली, “म्हणून मी महिन्यातून एक आठवडा यायची नाही.”

त्या आठवड्यांत मी बराकीत रुसून बसायचो. एकदा तसं पत्रातही लिहिलं होतं, की आता तुम्हा लोकांना माझा कंटाळा आला असेल. तिनं उत्तरात पावसाबद्दल लिहिलं होतं.

वाचत गेलो तसं आणखी सापडत गेलं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये कैद्यांसाठीचे नियम नव्यानं केले, २७ वर्षं तुरुंगात काढलेल्या मंडेलांचं नाव दिलं. त्यात झडतीवर तीन नियम आहेत, ५० ते ५२. उघडं करून झडती घ्यायची तर अगदीच गरज असेल तेव्हा, आडोशाला, त्याच लिंगाच्या शिकवून तयार केलेल्या माणसानं; आणि झडती कुणी घेतली, का घेतली, काय सापडलं याची नोंद ठेवायची. आमच्या म्हाताऱ्या हवालदारानं हे वाचलं असेल असं वाटत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, म्हणजे मी आत जायच्या दीड वर्ष आधी. हे मला पेपरात वाचल्याचं आठवतही होतं. तेव्हा मला वाटलं होतं की ते आधार कार्डाबद्दल आहे.

पण झोप उडवली ती दुसऱ्याच एका निकालानं. तिहारमध्ये सुनील बत्रा नावाचा फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. त्यानं सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. स्वतःसाठी लिहिलं नव्हतं. तिथल्याच दुसऱ्या एका कैद्याला जेलच्या माणसानं केलेल्या अमानुष मारहाणीबद्दल लिहिलं होतं. न्यायालयानं ते पत्रच अर्ज म्हणून चालवलं आणि १९७९ च्या डिसेंबरात निकाल दिला. बत्रानं हे लिहिलं ते स्वतःच्या डोक्यावर फाशी टांगलेली असताना. मी आत रोज तीन पानं लिहीत होतो. वही होती, पेन होतं. बहुतेक जेवणाबद्दल लिहिलंय.

गेल्या वर्षी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. मी आत गेलो त्या तारखेचं दवाखान्याच्या वहीतलं पान मागितलं. अर्जाला कारण द्यावं लागत नाही, आणि कुणी विचारलं असतं तर हर्नियाच्या ऑपरेशनसाठी लागतंय म्हणून सांगितलं असतं. मला माझी ओळ नको होती. आम्ही बेडीत जोडीनं गेलो होतो, नावं एकापाठोपाठ घेतली होती, म्हणजे त्या मुलाची ओळ माझ्या लागूनच असणार. तिथं ‘खुणा नाहीत’ लिहिलंय, की कोऱ्या जागा ठेवल्यात, की त्या भल्या डॉक्टरनं आम्ही गेल्यावर काही लिहिलं होतं, एवढंच बघायचं होतं.

तीस दिवसांची मुदत संपायला दोन दिवस असताना पाकीट आलं. पानामागे दोन रुपये भरले होते, एकच पान. माझी ओळ स्वच्छ दिसते. नाव, वय, डाव्या बाजूस हर्निया, पट्ट्याची शिफारस. तिच्या वर आणि खाली जाड काळी शाई फिरवलेली आहे. सोबतच्या पत्रात कारण दिलंय. कलम ८ (१) (ञ), त्रयस्थ व्यक्तीची खाजगी माहिती.